उन्हाळी, हिवाळी की बारमाही? कोकणातल्या गाडीसाठी टायर निवडताना

पहिल्यांदा टायर बदलायची वेळ आली की नवख्या गाडीमालकासमोर तीन नावं येतात: समर, विंटर आणि ऑल-सीझन. आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ऋतू. म्हणून ऑल-सीझन घेतला की तिन्ही ऋतूंची सोय झाली, असं सहज वाटतं. पण ही नावं ज्या देशांत रुजली तिथे पावसाळा हा वेगळा ऋतूच नाही. तिथे सगळी विभागणी थंडी आणि बर्फाभोवती झाली आहे. आपल्याकडे अडचण पाण्याची आहे.

त्यामुळे उत्तर आधीच सांगतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत रोज वापरायच्या गाडीला हिवाळी टायर घेऊ नका. ओल्या डांबरावर पकड चांगली असलेला, खाचा खोल आणि मोकळ्या असलेला साधा रस्त्याचा टायर घ्या. कंपन्यांच्या वर्गवारीत तो बहुतेक वेळा समर टायरच असतो. ऑल-सीझन लिहिलेला टायर मिळाला तर हरकत नाही, पण त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. आता हा टायर दुकानात ओळखायचा कसा, घ्यायचा कधी आणि बसवायचा कसा, ते पाहू.

तीन नावांमागचं रबर

फरक मुळात रबराच्या मिश्रणात आहे. समर टायरचं रबर गरम रस्त्यावरही आकार धरून राहील असं बनवतात. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की ते कडक होतं आणि पकड सोडू लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीवर बारीक बारीक चिरा असतात आणि त्या बर्फाला धरतात. ऑल-सीझन हा या दोघांमधला समझोता आहे. सौम्य थंडीत आणि थोड्या बर्फात तो निभावून नेतो, पण दोन्ही टोकांना आपापल्या खास टायरपेक्षा मागे पडतो.

कोकणात जानेवारीच्या पहाटेही पारा ७ अंशांपर्यंत क्वचितच उतरतो. म्हणजे ज्या एका कारणासाठी समर टायर काढून ठेवायचा, ते कारण इथे जवळजवळ येतच नाही. उलट एप्रिल-मेमध्ये डांबर इतकं तापतं की विंटर टायरच्या नक्षीचे मऊ ठोकळे त्यावर वळवळतात. गाडी वळणावर ढिली वाटते, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि टायर भराभर झिजतो. गरम हवेतल्या पावसातही विंटर टायर चांगल्या समर टायरच्या मागेच राहतो. काश्मीर, लडाख, हिमाचलच्या वरच्या भागात त्याचं काम आहे, देवगडला नाही.

टायरच्या बाजूवर दोन खुणा दिसू शकतात. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण कंपनी स्वतःच्या म्हणण्यावर छापू शकते, तिच्यासाठी ठरावीक चाचणी द्यावी लागत नाही. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात काढलेला हिमकण. ती बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळते. कुणी स्वस्तात वापरलेला परदेशी टायर देऊ करत असेल तर आधी हा डोंगर शोधा. तो दिसला तर टायर हिवाळी किंवा बर्फाचा विचार करून बनवलेला ऑल-सीझन आहे. नक्षी कितीही शाबूत असली तरी तो घेऊ नका.

पहिली पायरी: गाडी कुठे चालते, ते ठरवा

टायर गाडीच्या मॉडेलइतकाच तुमच्या रस्त्यावर अवलंबून असतो. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने आठवड्याला कराडला जाणारी गाडी, राजापूर-रत्नागिरी असा महामार्गावर रोज ये-जा करणारी गाडी आणि दापोलीजवळच्या वाडीतून बाजारापर्यंत जाणारी गाडी, या तिघींच्या गरजा सारख्या नाहीत. घाटवाल्याला ओल्या वळणावरची पकड आणि ब्रेक महत्त्वाचे. महामार्गवाल्याला साचलेलं पाणी कापणारी नक्षी आणि उष्णता सोसण्याची ताकद हवी. वाडीवाल्याला मजबूत बाजू हवी, कारण जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात. चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांचे, ट्रक जिथून जातात त्या रस्त्यावर चिऱ्याचे तुकडे पडलेले असतात. बाजूला चीर गेली की तो टायर पंक्चरवाल्याच्या हाताबाहेर गेला. बाजूचं पंक्चर काढून घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे.

एसयूव्ही असेल तर आणखी एक प्रश्न येतो: एचटी, एटी की एमटी. एचटी हा रस्त्याचा टायर, एमटी हा चिखलाचा, एटी मधला. कोकणात लाल चिखल भरपूर, म्हणून एटी किंवा एमटी घ्यावा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. तुमची गाडी दहापैकी नऊ वेळा डांबरावर किंवा काँक्रीटवर चालते आणि जिवावर बेतणारे प्रसंग तिथेच येतात. मोठ्या ठोकळ्यांचा टायर चिखलात छान चालतो, पण ओल्या डांबरावर सहसा उशिरा थांबतो. शिवाय आवाज करतो आणि डिझेल जास्त खातो. बागेत, खाणीवर किंवा कातळावरच्या कच्च्या वाटेवर रोज जावं लागत असेल तरच एटी घ्या. एमटी घरगुती वापराला नको.

दुसरी पायरी: बाजूवरचे आकडे वाचा

समजा टायरवर ‘१८५/६५ आर१५ ८८ एच’ असं लिहिलं आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचातला व्यास. पुढचा ८८ हा भाराचा अंक आहे, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. ८५ असेल तर ५१५ किलो, ८२ असेल तर ४७५. शेवटचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर.

वेगाच्या अक्षराची चिंता आपल्या रस्त्यांवर फारशी नाही. भाराच्या अंकाची मात्र आहे. गणपतीला मुंबईहून निघालेल्या चाकरमान्यांच्या गाडीत पाच माणसं, मागे सामान आणि परतताना तांदळाचं पोतं असतं. मेमध्ये आंब्याच्या पेट्या असतात. गाडीच्या कंपनीने दिलेल्या अंकापेक्षा कमी अंकाचा टायर कधीच बसवू नका, मग तो कितीही स्वस्त पडो.

माप शक्यतो कंपनीचंच ठेवा. रुंद टायर दिसायला भारी वाटतो, पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. बाजू आखूड झाली की खड्ड्यात रिम वाकण्याची भीती वाढते. आपल्याकडे पाणी आणि खड्डे दोन्ही आहेत, त्यामुळे हा बदल तोट्याचाच.

तिसरी पायरी: पावसातली पकड पारखा

संपूर्ण निवडीत जास्तीत जास्त वेळ इथे द्या. कोकणपट्टीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत तर सात हजारांच्या घरात. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात रस्त्याच्या कडेने पाणी वाहत असतं आणि काँक्रीटच्या उतारांवर सखल जागी पातळ थर साचतो.

अशा थरावर वेगात गेलं की टायरखालचं पाणी बाजूला सरायला वेळ मिळत नाही. पाण्याची पाचर टायरला उचलते, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी तुमचं ऐकत नाही. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या ढोबळ सूत्रानुसार गाडी तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २२ पीएसआयला सुमारे ७८. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण त्यांतून समजणारी गोष्ट पक्की आहे: हवा कमी असेल तर टायर लवकर तरंगतो. नक्षी झिजली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण पाणी जायला वाटच उरत नाही.

म्हणून दुकानात टायर आडवा ठेवून नक्षी बघा. टायरभोवती गोल फिरणाऱ्या तीन-चार रुंद, खोल खाचा हव्यात. त्यांतून कडेकडे जाणाऱ्या तिरक्या वाटा मध्येच बंद झालेल्या नसाव्यात. व्हीच्या आकाराची नक्षी पाणी छान फेकते, पण ती एकाच दिशेने फिरायला बनवलेली असते. तिच्या बाजूवर बाण असतो, तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. काही टायरांवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं. ती बाजू बाहेर दिसलीच पाहिजे. बसवणाऱ्या पोराच्या घाईत हे चुकू शकतं, तेव्हा तिथेच उभं राहून बघा.

नक्षीवरून सगळं कळत नाही, रबराचा गुण डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी खुणा वाचा. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांच्या लेबलवर पावसाच्या ढगाचं चित्र आणि ए ते ई अक्षर असतं. ए सर्वांत चांगलं. तेच मॉडेल तिकडेही विकलं जात असेल तर त्याचं अक्षर इंटरनेटवर सापडतं. बऱ्याच टायरांच्या बाजूवर अमेरिकी पद्धतीची ‘ट्रॅक्शन’ श्रेणी कोरलेली असते: एए, ए, बी, सी. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवतात. ए किंवा एए बघा. शेजारच्या ‘ट्रेडवेअर’च्या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नका. तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा, पण जास्त टिकणारं रबर बहुधा कडक असतं आणि ओल्यात पकड थोडी सोडतं. विक्रेता ‘हा एवढे हजार किलोमीटर जातो’ असं सांगेल. त्याला विचारा, हा पावसात कसा थांबतो. आयएसआय चिन्ह तर असलंच पाहिजे.

चौथी पायरी: टायरचं वय

बाजूवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. ही ओळ एकाच बाजूला पूर्ण असते, म्हणून न दिसल्यास टायर उलटून पाहा. वर्षाच्या आतला टायर मागा. चारही एकाच सुमाराचे असले तर उत्तम.

गाडीवरच्या टायरचंही वय बघा. गावच्या घरी वर्षाचे दहा महिने उभ्या राहणाऱ्या गाड्या कोकणात पुष्कळ आहेत. त्यांची नक्षी नव्यासारखी असते, पण ऊन आणि हवा रबराला सुकवत राहतात. बाजूवर आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर टायर गेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांचा टायर न झिजलेला असला तरी काढून टाका. स्टेपनीलाही हेच लागू.

खरेदीची वेळ: आगोट

मेच्या शेवटी कोकणातलं प्रत्येक घर आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामाला लागतं. लाकडं आत जातात, कौलं शाकारली जातात, सुकी मासळी भरून ठेवतात. टायरचं काम त्याच यादीत घाला. दिवाळीच्या सवलतीची वाट पाहणारे लोक घासलेल्या टायरवर अख्खा पावसाळा काढतात. माझ्या मते हा चुकीचा हिशेब आहे. नवीन टायरच्या पूर्ण खोल खाचांचा खरा उपयोग जून-जुलैतच होतो.

नवीन टायरची खाच साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की ती मर्यादा संपली. पण कायद्याची मर्यादा कोरड्या रस्त्यावर वेगळी वाटते आणि परशुराम घाटाच्या मुसळधार पावसात वेगळी. मे महिन्यात नक्षी ३ मिलिमीटरवर आली असेल तर पावसाआधीच बदला. मोजायला खोलीमापक स्वस्तात मिळतो. तो नसेल तर काडेपेटीची काडी खाचेत उभी धरा, नखाने खूण करा आणि पट्टीवर ठेवा. आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असं तीन ठिकाणी मोजा. एकच कड झिजली असेल तर चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, बिघडलं आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली. फक्त मधला भाग झिजला तर हवा जास्त झाली.

वळवाच्या पहिल्या सरी टायर कितीही चांगला असला तरी घातक असतात. आठ महिन्यांचं तेल, धूळ आणि लाल माती यांचा निसरडा लेप रस्त्यावर तयार होतो. चांगले दोन-तीन पाऊस पडून रस्ता धुतला जाईपर्यंत वेग कमी ठेवा.

दोनच बदलायचे असतील तर

चारही एकदम बदलणं सगळ्यांना परवडत नाही. दोन घेतले तर बहुतेक जण नवे टायर पुढे लावायला सांगतात, कारण इंजिनाची ताकद आणि स्टिअरिंग पुढे असतं. नवे टायर मागे लावा. ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की सहसा परत ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडीचं ढुंगण बाहेर फिरतं आणि ती स्वतःभोवती गिरकी घेते. आंबा घाटाच्या वळणावर ते सावरणं सामान्य चालकाच्या हातात नसतं. पुढे राहणारे जुने टायर मात्र ३ मिलिमीटरच्या वर हवेत. एका धुरीवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळ्या नक्षीचे टायर लावू नका.

बसवल्यानंतर

नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला बुळबुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगाची वळणं टाळा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा कसून घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल करा.

हवा सकाळी, गाडी गार असताना बघा. दाब किती हवा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा आणि जास्त असतो. उन्हाळ्यात दाब वाढतो म्हणून आधीच हवा कमी भरायची, ही समजूत सोडून द्या. कमी हवेच्या टायरची बाजू जास्त दुमडते, आतून तापते, आणि भरलेली गाडी मेच्या दुपारी महामार्गावर असली की असाच टायर फुटतो. नायट्रोजनसाठी अडून बसू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा साधी हवा तपासणारा माणूस जास्त सुरक्षित आहे.

किनाऱ्यावर राहत असाल तर खाऱ्या हवेकडे लक्ष द्या. लोखंडी रिम टायर जिथे घट्ट बसतो त्या कडेला गंजतो आणि ट्यूबलेसची हवा हळूहळू जाते. पंक्चर सापडत नाही, पण आठवड्याला दाब उतरतो, अशी तक्रार असेल तर रिमची कड घासून साफ करून घ्या. वॉल्व्हवरचं छोटं टोपण हरवू देऊ नका, ते मीठ आणि वाळू आत जाऊ देत नाही. गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत नेऊच नका. कुठलाच साधा टायर ओल्या वाळूत चालत नाही, भरती गाडीसाठी थांबत नाही आणि खारं पाणी ब्रेक, बेअरिंग सगळ्यांत शिरतं. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले अशा फेरीबोटीवर चढताना उतारावर शेवाळ असू शकतं. तिथे पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, ॲक्सिलरेटर हलका ठेवून चढा.

साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर टायरचा विचारच बाजूला ठेवा. फूटभर वाहत्या पाण्यातही छोटी गाडी तरंगू लागते. थांबा, किंवा लांबच्या रस्त्याने जा.

स्टेपनीबद्दल एक सांगायला हवं. २०२० पासून ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायला परवानगी आहे. तुमची गाडी तशी असेल तर स्टेपनी वेगळी विकत घ्या. किट खिळ्याचं भोक बुजवतं, चिऱ्याने फाटलेली बाजू नाही. भुईबावडा घाटात रात्री मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. स्टेपनीत हवा, सोबत जॅक, पाना आणि विजेरी आहे का, ते घाटात शिरण्याआधी बघा.

जुने टायर काढल्यावर दुकानातच देऊन टाका. घरी आणून परसात टाकले तर पहिल्याच पावसात त्यांत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. झोपाळ्यासाठी किंवा झाडाच्या आळ्यासाठी एखादा ठेवायचाच असेल तर त्याला खालून दोन-चार मोठी भोकं पाडा.